स्वान नौका: नॉटरचा कारखाना आणि त्याची मॉडेले

नॉटर ही फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील पिएतारसारी या बंदरगावातली शिडाच्या नौका बांधणारी कंपनी. तिची स्थापना १९६६ सालची. तिच्या नौका 'स्वान' या नावाने ओळखल्या जातात आणि आजवर अशा दोन हजारांहून अधिक नौका पाण्यात उतरल्या आहेत. साठ वर्षांच्या मानाने हा आकडा बेताचाच म्हणायचा. फ्रान्समधला बेनेतोसारखा कारखाना एवढ्या नौका फार थोड्या काळात बाहेर काढतो. तरीही विसाव्या शतकातल्या याटिंगचा इतिहास स्वानला वगळून लिहिता येत नाही. एकाच नौकेने शर्यत जिंकावी आणि त्याच नौकेत मालकाने बायकामुलांसह महिनाभर सफरही करावी, ही कल्पना नॉटरइतकी क्वचितच कुणी तडीस नेली. पुढे याच कल्पनेवर ताण आला आणि शेवटी तिची दोन शकले झाली. कंपनीच्या मॉडेलांची यादी वाचायची ती हा प्रवास समजून घेण्यासाठी. एरवी ती लांबीच्या आकड्यांची कंटाळवाणी रांग वाटते.

पिएतारसारी बोथनियाच्या आखातावर आहे. गावाचे स्वीडिश नाव याकोबस्ताद, आणि आजही तिथल्या निम्म्याहून अधिक लोकांची भाषा स्वीडिशच आहे. १६५२ मध्ये एबा ब्राहे या सरदारघराण्यातील विधवेने गाव वसवले आणि दिवंगत पतीचे नाव त्याला दिले. मागे पाइनची जंगले, पुढे समुद्र. त्यामुळे डांबर आणि लाकूड यांचा व्यापार आणि त्यासाठी लागणारी जहाजबांधणी हाच गावाचा धंदा झाला. पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले फिनिश जहाज 'हर्क्युलस' हे याच गावचे; ते १८४४ मध्ये निघाले आणि १८४७ मध्ये परतले. वाफेची आणि लोखंडी जहाजे आल्यावर हा व्यवसाय बसला. पण लाकूडकामात मुरलेले हात आसपासच्या खेड्यांत राहिले. मच्छीमारीच्या होड्या, फर्निचर, घरकाम यांवर ते पोट भरत होते. नॉटरला पुढे जे भांडवल उपयोगी पडले ते हेच. पैशाचे भांडवल तिच्याकडे नव्हते.

संस्थापक पेक्का कोस्केन्क्युला हा नौकाबांधणीतला माणूस नव्हता. गावातल्या शाउमान या कागद-लाकूड उद्योगात तो कागदी पोती विकण्याच्या खात्यात नोकरीला होता. हौसेपोटी त्याने स्वतःसाठी एक लाकडी शिडाची नौका बांधवून घेतली होती आणि एवढ्या अनुभवावर त्याने कारखाना काढायचे ठरवले. त्याचे दोन निर्णय निर्णायक ठरले. नौका लाकडाची न बांधता फायबरग्लासची बांधायची, हा पहिला. दुसरा त्याहून धाडसाचा: आराखडा जगातल्या सर्वात नावाजलेल्या रचनाकारांकडून घ्यायचा. त्या काळी हे नाव न्यूयॉर्कच्या स्पार्कमन अँड स्टीव्हन्सचे होते. ऑलिन स्टीव्हन्सने १९३० मध्ये 'डोरेड' ही नौका काढून महासागरी शर्यतींचे गणित बदलले होते आणि अमेरिका कपचे रक्षण करणाऱ्या एकामागून एक नौका त्याच्याच कार्यालयातून बाहेर पडत होत्या. अशा संस्थेकडे, ज्याच्या कारखान्यातून अजून एकही नौका निघालेली नाही असा फिनिश विक्रेता गेला आणि आराखडा घेऊन आला.

रचना बाहेरून विकत घ्यायची आणि बांधणी घरच्या सुतारांकडून करून घ्यायची, ही पद्धत नॉटरने कधीच सोडली नाही. तिच्या पदरी आजवर स्वतःचा असा मुख्य रचनाकार नाही. मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण गोव्यात सापडेल. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डने २००९ मध्ये नौदलासाठी बांधलेली छप्पन्न फुटी 'म्हादेई' हीदेखील व्हान द स्टाट या डच कार्यालयाच्या आराखड्यावरच उभी राहिली. तीवरूनच दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळवला. आराखडा कुणाचाही असला, तरी बांधणाऱ्याचा हात चांगला नसेल तर त्याचा उपयोग नसतो. दोन्ही ठिकाणी तो चांगला होता.

फायबरग्लासची नौका साच्यात घडते. आधी नौकेच्या बाह्यरूपाची लाकडी प्रतिकृती करायची, ती घासून आरशासारखी गुळगुळीत करायची आणि तिच्यावरून उलटा साचा काढायचा. साच्याच्या आतल्या बाजूला मेणाचा हात, मग जेलकोट हा रंगीत चकचकीत थर, आणि त्यावर काचतंतूंच्या चटया पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवायच्या. प्रत्येक थर रोलर फिरवून दाबावा लागतो. मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे पुढे पाणी मुरते. रेझिनला ऊब लागते, म्हणून फिनलंडच्या हिवाळ्यात, बाहेर समुद्र गोठलेला असताना, हे काम गरम ठेवलेल्या शेडमध्ये चालते. हल, म्हणजे नौकेची मुख्य काया, साच्यातून निघाली की सुतारांचे काम सुरू होते. आडव्या भिंती, बाके, कपाटे, फळ्या असे एकेक अंग आत बसवून ते हलला काचतंतूंच्या पट्ट्यांनी पक्के जोडले जाते. साठच्या दशकातल्या अनेक कारखान्यांनी फायबरग्लास म्हणजे स्वस्त नौका असे समीकरण मांडले होते आणि आतून त्या नौका उघड्याबोडक्या दिसत. नॉटरने बाहेरून फायबरग्लास आणि आतून जहाजाचे सुतारकाम असा मेळ घातला. सागाचे तक्तपोस, गोल केलेल्या कडा, समुद्र खवळला तरी उघडणार नाहीत अशा खणांच्या कड्या, या गोष्टींनी स्वानचे नाव झाले.

पहिले मॉडेल स्वान ३६. ती १९६७ मध्ये पाण्यात उतरली आणि तिच्या सुमारे ९० प्रती बांधल्या गेल्या. आकड्याचा अर्थ एवढाच की नौकेची लांबी छत्तीस फूट, म्हणजे जवळपास अकरा मीटर. तिची रचना तेव्हाच्या मानाने पुढची होती. जुन्या नौकांमध्ये तळाचा जड कणा, ज्याला कोकणात पठाण म्हणतात, पुढून मागपर्यंत लांबच लांब धावे आणि सुकाणू त्याच्याच शेवटाला जोडलेले असे. स्टीव्हन्सने हा कणा आखूड केला आणि सुकाणू त्याच्यापासून तोडून मागे नेले. पाण्यात घासणारा पृष्ठभाग कमी झाला, नौका चटकन वळू लागली. तरी अंगात पुरेसे वजन होते. लाटेवर ती आपटत नसे, कापत जाई.

ऑलिनचा धाकटा भाऊ रॉड स्टीव्हन्स याचा या कथेतला वाटा रचनाकाराच्या मानाने कमी सांगितला जातो. दोर, शिडे, डोलकाठी आणि डेकवरची मांडणी हा त्याचा प्रांत. नवी नौका तपासायची म्हणजे काय हे पिएतारसारीच्या कामगारांना त्याने शिकवले. तो स्वतः डोलकाठीवर चढे, प्रत्येक कप्पी फिरवून पाही, खिळीच्या टोकावर बोट फिरवून शीड फाडेल अशी धार राहिली आहे का ते बघे आणि मग दोषांची लांबलचक यादी हाती ठेवी. कोणत्या दोराला कुठला खुंट, नांगराची साखळी कशी जावी, अंधारात खलाशाचा हात कुठे जाईल, असे बारकावे त्या याद्यांत असत. ज्या कारखान्याला याटिंगची स्वतःची परंपरा नव्हती, त्याला ही तालीम फुकटात मिळाली असे म्हटले तरी चालेल.

१९६८ च्या काउज सप्ताहात, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या त्या सर्वात प्रतिष्ठेच्या शर्यतमालिकेत, एका स्वान ३६ ने आपल्या गटातल्या सातही शर्यती जिंकल्या. साच्यातून निघालेली, कुणालाही विकत घेता येणारी नौका खास बांधलेल्या नौकांना पाणी पाजते, हे तोवर फारसे कुणी पाहिले नव्हते. ब्रिटन, अमेरिका, इटली इथून मागण्या आल्या. पाठोपाठ स्वान ४३ निघाली. फिनलंडमध्ये मात्र ही नौका परवडणारे ग्राहक मोजकेच. जवळपास सगळा माल निर्यातीचा, आणि ही स्थिती पुढेही बदलली नाही.

यशाच्या या काळातच आपत्ती आली. १९६९ मध्ये कारखान्याला आग लागली. बांधकामात असलेल्या नौका आणि साचे जळाले. रेझिन, लाकूड आणि रसायने एका छताखाली असलेल्या अशा जागेत आग पसरायला वेळ लागत नाही. कोस्केन्क्युलाकडे पुन्हा उभे राहण्याइतका पैसा नव्हता आणि मालकी शाउमानकडे गेली, म्हणजे ज्या कंपनीची नोकरी सोडून त्याने हा उद्योग काढला तिच्याकडेच. तो स्वतः आणखी काही वर्षे कंपनी चालवत राहिला. मालक मोठा मिळाल्याने एक फायदा झाला: मोठ्या नौकांच्या महागड्या साच्यांत पैसा घालणे शक्य झाले.

सत्तरचे दशक हे स्पार्कमन अँड स्टीव्हन्स यांच्या स्वानचे भरभराटीचे दशक. स्वान ३७, ४०, ५५, ४८, ४४, ४१, ३८, ४७ अशी मॉडेले एकामागून एक आली. त्यांची ठेवण पाहताक्षणी ओळखू येते. केबिनचे छत पुढे उतरत जाऊन डेकमध्येच मिसळते. डेकवर उंच घर असे दिसतच नाही. सागाच्या अरुंद पट्ट्यांची डेक, हलच्या वरच्या कडेने धावणारी बारीक रेघ आणि नाळेपाशी त्या रेघेला असलेला बाण. या रूपाची नक्कल पुष्कळांनी केली. यांतल्या स्वान ४८ पैकी 'नोरिएमा' या इंग्लिश मालकाच्या नौकेने १९७२ ची बर्म्युडा शर्यत जिंकली. तोवर त्या शर्यतीचे विजेतेपद अमेरिकेबाहेर गेलेले नव्हते. स्वान ३८ ही मालकांची विशेष आवडती. तिच्या शंभराहून अधिक प्रती निघाल्या.

या काळातल्या रचनांवर आय.ओ.आर. या नियमावलीची छाप आहे आणि ती समजल्याशिवाय त्यांचे आकार समजत नाहीत. वेगवेगळ्या आकाराच्या नौका एकत्र धावतात तेव्हा प्रत्येकीची लांबी, रुंदी, खोली, शिडांचे क्षेत्रफळ मोजून तिला एक गुणांक दिला जातो. तिने घेतलेला वेळ या गुणांकाने दुरुस्त करून निकाल लावतात. त्यामुळे आधी पोहोचलेली नौका जिंकतेच असे नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या आय.ओ.आर. मध्ये मोजमाप ठरावीक बिंदूंवर होई. साहजिकच रचनाकार त्या बिंदूंपाशी नौका फुगवू लागले आणि मागचे टोक निमुळते करू लागले. अशा नौका वाऱ्याच्या तोंडावर छान चढत. मागून जोराचा वारा आला की लोळत. स्टीव्हन्सच्या स्वानमध्ये हा दोष सौम्य आहे, कारण त्याने नियमाचा फायदा घेतला पण समुद्राला विसरला नाही. तरी त्याचा मागमूस त्यांतही दिसतो.

या सगळ्यांत स्वान ६५ चे स्थान वेगळे. जवळपास वीस मीटर लांबीची ही नौका १९७२-७३ मध्ये आली, तेव्हा फायबरग्लासमध्ये साच्यातून काढलेल्या नौकांत ती जगातल्या सर्वात मोठ्यांपैकी होती. चाळीसएक बांधल्या गेल्या. तिची कीर्ती झाली ती रामोन कार्लिन या मेक्सिकन उद्योजकामुळे. कार्लिन कपडे धुण्याची यंत्रे बनवत असे. वयाच्या पन्नाशीत पोहोचलेला हा गृहस्थ शिडाच्या नौकेवर नवखाच होता. पूर्ण खलाशीसंचासह धावणाऱ्या नौकांची पहिली जगप्रदक्षिणा शर्यत, व्हिटब्रेड, जाहीर झाली तेव्हा त्याने स्वान ६५ विकत घेतली, तिचे नाव 'सायुला दोन' ठेवले आणि नातलग, मित्र, काही अनुभवी खलाशी अशी मंडळी जमवून तो पोर्ट्समथला हजर झाला. ८ सप्टेंबर १९७३ ला सतरा नौका निघाल्या. त्यांत ब्रिटिश आणि फ्रेंच नौदलांची, लष्करांची माणसे होती, एरिक ताबार्लीसारखा नावाजलेला फ्रेंच दर्यावर्दी होता. मेक्सिकोच्या नौकेकडे कुणी गांभीर्याने पाहिले नाही.

केपटाउनहून सिडनीकडे जाताना, दक्षिण महासागरात, 'सायुला दोन' एका प्रचंड लाटेने आडवी झाली, इतकी की डोलकाठ्या पाण्याखाली गेल्या. केबिनमध्ये झोपलेली माणसे एका बाजूच्या बिछान्यावरून पलीकडच्या भिंतीवर फेकली गेली, बरगड्या मोडल्या, आत पाणी शिरले आणि खाण्याचे सामान, कपडे, अवजारे यांचा चिखल झाला. नौका आपोआप सरळ झाली. डोलकाठ्या उभ्या होत्या. तोवर आरामदायी म्हणून हिणवले गेलेले जाड हल आणि भक्कम सुतारकाम इथे उपयोगी पडले. हलक्या, फक्त वेगासाठी बांधलेल्या काही नौकांच्या डोलकाठ्या या शर्यतीत मोडल्या, ताबार्लीचीही मोडली. तीन खलाशी समुद्रात गेले. १९७४ च्या एप्रिलमध्ये शर्यत संपली तेव्हा दुरुस्त वेळेच्या हिशेबाने पहिला क्रमांक 'सायुला दोन'चा लागला. पुढच्या, १९७७-७८ च्या शर्यतीत विजेती नौका स्वान नव्हती. मात्र दुसरी, चौथी आणि पाचवी आलेल्या तिन्ही नौका स्वान ६५ होत्या. पाचवीची कप्तान क्लेअर फ्रान्सिस ही या शर्यतीत नौकेचे नेतृत्व करणारी पहिली स्त्री.

नॉटरच्या जाहिरातीला याहून मोठे बळ कुठलेच नव्हते. गंमत अशी की त्याच सुमारास कंपनीच्या आतून वेगळा सूर निघत होता. १९७३ मध्ये नॉटरमधले पाच जण बाहेर पडले आणि जवळच्याच बोसुंद गावात त्यांनी बाल्टिक याट्स ही कंपनी काढली. नौका अधिक हलकी बांधता येईल, असे त्यांचे म्हणणे होते: घन फायबरग्लासऐवजी दोन पातळ थरांमध्ये हलका गाभा घालून. काळाच्या ओघात तेच बरोबर ठरले. आज दोन्ही कंपन्या त्याच परिसरात, एकाच प्रकारच्या कारागिरांवर चालतात, आणि पिएतारसारीच्या आसपास नौकांना लागणारे सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांची वस्तीच उभी राहिली आहे.

सत्तरचे दशक संपताना स्पार्कमन अँड स्टीव्हन्स यांच्याशी असलेला संबंध संपला. स्वान ४११, ४३१, ५७ आणि ७६ ही त्यांची शेवटची महत्त्वाची मॉडेले. मधल्या काळात न्यूझीलंडचा, आयर्लंडमध्ये स्थायिक झालेला रॉन हॉलंड आला. त्याच्या ३९, ४४१, ३७१ आणि ४२ या नौका रुंद, हलक्या, शर्यतीकडे झुकलेल्या. चांगल्या नौका, पण त्यांचा काळ थोडा. स्वानच्या इतिहासातला खरा दुसरा अध्याय हेर्मान फ्रेर्स या अर्जेंटिनाच्या रचनाकाराचा.

फ्रेर्सच्या वडिलांचे ब्वेनोस आयरेसमध्ये नौकारचनेचे कार्यालय होते आणि तरुणपणी त्याने न्यूयॉर्कला स्टीव्हन्सच्याच हाताखाली उमेदवारी केली होती. म्हणजे एका अर्थाने गादी घराण्यातच राहिली. स्वान ५१ पासून, १९८० च्या सुमारास, त्याने जे काम हाती घेतले ते आजतागायत चालू आहे. एका कारखान्यासाठी एका रचनाकाराने चार दशकांहून अधिक काळ काम करण्याची उदाहरणे या धंद्यात विरळा. त्याची रेषा स्टीव्हन्सपेक्षा लांबट, सपाट, मागे रुंद. हल पाण्यावर ओढले जात नाही, सरकते. १९८३ मध्ये आलेली स्वान ४६ ही त्याची सर्वात यशस्वी नौका. तिच्या शंभराहून अधिक प्रती विकल्या गेल्या. तिला उथळ पाण्यासाठी आखूड कण्याचा पर्याय होता, मागे मालकाची स्वतंत्र केबिन होती, आणि तरी ती शर्यतीत लाजिरवाणी नव्हती. 'एकच नौका, दोन कामे' ही कल्पना इथे सर्वात नीट जमली, असे म्हणायला हरकत नाही. शर्यतीच्या बाजूने स्वान ६५१ 'फेझर फिनलँड' या नावाने १९८५-८६ च्या व्हिटब्रेडमध्ये उतरली आणि तिसरी आली. मात्र एका सर्वसाधारण मॉडेलातून जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत वरचा क्रमांक काढणे त्यानंतर शक्य राहिले नाही.

या काळातल्या स्वानचा एक दोष सांगायलाच हवा, कारण जुनी स्वान घेणाऱ्याचा पहिला खर्च तोच असतो. डेकवर सागाच्या पट्ट्या बसवताना त्या शेकडो स्क्रूंनी खालच्या फायबरग्लासमध्ये घट्ट केल्या जात आणि मधल्या खाचा काळ्या रबरी लुगदीने भरल्या जात. पाय घसरत नाही, उन्हात सुंदर दिसते. वीसेक वर्षांत साग झिजतो, स्क्रूवरची लाकडी बुचे निघतात, लुगदी सुटते आणि प्रत्येक स्क्रूचे भोक ही पाण्याला वाट होते. डेकच्या दोन थरांमधला गाभा भिजला की पायाखाली डेक मऊ लागते. तपासनीस लहान हातोडीने डेक ठोकत जातो. खणखणीत आवाज आला तर ठीक, भदभदीत आला तर तिथला साग उपटून गाभा बदलणे आले. हे काम जुन्या नौकेच्या किमतीच्या मानाने फार महाग पडते. नंतरच्या नौकांत साग स्क्रूऐवजी चिकटवला जाऊ लागला.

नव्वदच्या दशकात दोन गोष्टी घडल्या. आय.ओ.आर. मोडीत निघाली आणि शर्यतीच्या नौका झपाट्याने हलक्या, आतून रिकाम्या, कार्बन तंतूंच्या झाल्या. दुसरीकडे सफरीच्या मालकाला वातानुकूलन, जनरेटर, समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करणारे यंत्र, कळ दाबून गुंडाळणारी शिडे हवीशी झाली. एवढे सामान घेऊन शर्यत जिंकता येत नाही आणि ते काढून टाकल्यावर कुटुंब चढत नाही. स्वान या दोन टोकांच्या मध्ये अडकली. युरोपातल्या मंदीने मागणीही घटली. कागद उद्योगातल्या मालकांना तर नौकांचे हे लहानसे खाते केव्हाच परके झाले होते.

१९९८ मध्ये इटलीच्या लिओनार्दो फेरागामोने गुंतवणूकदारांचा गट करून कंपनी घेतली. चपलाबुटांच्या प्रसिद्ध घराण्यातला हा मुलगा स्वतः स्वानवर फिरलेला होता. इटालियन मालक आल्यावर उत्पादन तिकडे जाईल अशी भीती पिएतारसारीत होती. ती खोटी ठरली. विक्री आणि व्यवस्थापन इटलीकडे सरकले, पण हल घडतात ते बोथनियाच्या किनाऱ्यावरच. गावाच्या बंदरालगत नवे मोठे बांधणीकेंद्र उभे राहिले, तिथून थेट पाण्यात उतरवता येत असल्याने शंभर फुटांपुढच्या नौकाही बांधता येऊ लागल्या.

फेरागामोने दोन कामे एका नौकेकडून करून घेण्याचा हट्ट सोडला आणि यादीचे दोन भाग केले. एका बाजूला एकसारख्या नौकांचा वर्ग: सर्व नौका हुबेहूब, म्हणून दुरुस्त वेळेचा हिशेब नाही, जी आधी पोहोचेल ती जिंकली. स्वान ४५ ने याची सुरुवात केली. २००६ च्या सुमारास न्यूयॉर्क याट क्लबसाठी ४२ फुटी नौका आली. या दोन्ही फ्रेर्सच्या. मग क्लबस्वान हे वेगळे नाव घेऊन ही बाजू हुआन कुयुमजियान या अर्जेंटिनाच्याच दुसऱ्या रचनाकाराकडे गेली. २०१६ ची क्लबस्वान ५० ही कार्बनची, उलट्या कलत्या नाळेची, दोन सुकाणू असलेली नौका पाहून जुन्या स्वानप्रेमींना धक्का बसला. क्लबस्वान ३६ त्याहून धीट. तिला बाजूने सरकणारा वक्र पंख आहे. या बाजूचे टोक म्हणजे क्लबस्वान १२५ 'स्कॉर्पिओस'. २०२१ च्या फास्टनेट शर्यतीत एकहली नौकांत सर्वात आधी ती पोहोचली. ही मालिका मागणीनुसार बांधलेल्या अजस्र नौकेपर्यंत नेणे हा धंद्याचा भाग झाला. स्वान या नावाशी तिचे नाते मात्र ओढूनताणून जोडावे लागते.

दुसरी बाजू फ्रेर्सची, आणि ती अधिक स्वानसारखी. २०१९ ची स्वान ४८, नंतरच्या ५५, ५८, ६५, आणि वर ८८, ९८, १०८, १२० अशा मोठ्या नौका. मागची बाजू रुंद, दोन सुकाणू, उघडून पाण्याशी समतल होणारे मागचे दार, आत प्रकाश भरपूर. वजनाने त्या आपल्या पूर्वजांपेक्षा हलक्या आहेत, आणि शर्यतीत उतरवल्या तर उतरतात. पण त्यांचे घर भूमध्य समुद्र आहे, दक्षिण महासागर नव्हे. सार्डिनियातल्या पोर्तो चेर्व्हो इथे एका वर्षाआड भरणाऱ्या स्वान कपमध्ये या सगळ्या पिढ्या एकत्र दिसतात. तिथे स्टीव्हन्सच्या जुन्या नौकांना वेगळा गट असतो आणि तो नेहमी भरलेला असतो. २०२४ मध्ये सानलोरेंझो या मोटरयाट बांधणाऱ्या इटालियन कंपनीने नॉटरचा ६० टक्के हिस्सा घेतला. उरलेला टप्प्याने घेण्याचा करार आहे.

एक सूचना वाचकाला शेवटी द्यायला हवी. नॉटरने आकडे पुन्हा पुन्हा वापरले आहेत. स्वान ४८ म्हणजे १९७१ ची स्टीव्हन्सची, नव्वदच्या दशकातली फ्रेर्सची किंवा २०१९ ची त्याचीच, अशा तीन अगदी निराळ्या नौका. ३६, ४४, ६५ या आकड्यांचेही तेच. विक्रीच्या जाहिरातीत किंवा जुन्या शर्यतीच्या निकालात नुसता आकडा दिसला तर त्यावर विसंबू नये. बांधणीचे वर्ष आणि रचनाकाराचे नाव आधी विचारावे.